युद्धकाळातल्या जुन्या बसेस बघायला शिकायचंय? मग इथून सुरुवात करा

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या जवळ राहते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बसेस बघत फिरते. त्यातही माझा जीव आहे तो दुसऱ्या महायुद्धात बनलेल्या बसेसवर. ओळखीचे मराठी लोक विचारतात की यात बघायचं काय असतं, सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. तुम्ही तिकडे सांगलीत बसून वाचत असाल तरी उपयोग होईल, कारण निम्मं काम फोटोंवर होतं.

आधी एक सांगते. युद्धातली बस पहिल्यांदा बघितली की बहुतेकांना ती आवडत नाही. ती खोक्यासारखी दिसते, सगळीकडे कोन, कुठे गोलाई नाही, आत लाकडी बाकडी. शेजारी १९३८ ची गुबगुबीत गादीवाली बस उभी असेल तर सगळी गर्दी तिकडेच जाते. पण या गाडीचा प्रत्येक कोपरा तसा का आहे याला कारण आहे, आणि ते कारण दर वेळी कसल्यातरी टंचाईचं असतं. ते वाचता यायला लागलं की ही गाडी सोडून दुसरीकडे बघवत नाही, माझं तरी तसंच झालं.

पहिली पायरी: चॅसी आणि बॉडी वेगळी बघायची

माझे बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला होते, त्यामुळे हे मला लहानपणापासून माहीत. चॅसी एका कंपनीची येते, इंजिन, चाकं, गिअरबॉक्स, स्टिअरिंग सगळं तिच्यावर, आणि वरचा सांगाडा, पत्रा, खिडक्या, सीटा दुसरीकडे चढवतात. ब्रिटनमध्येही तेव्हा हीच पद्धत. म्हणून कुठल्याही जुन्या बससमोर उभं राहिलात की दोन प्रश्न विचारायचे, चॅसी कुणाची आणि बॉडी कुणाची. म्युझियममधल्या पाटीवर दोन्ही नावं असतात. उदाहरणार्थ गाय अरब चॅसी आणि पार्क रॉयल बॉडी. (गाय हे आडनाव आहे, सिडनी गाय नावाच्या माणसाने १९१४ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला ही कंपनी काढली.)

युद्धातल्या नावांची यादी फार मोठी नाही, त्यामुळे नवशिक्याला हा काळ सोपा जातो. डबल डेकरमध्ये मुख्य गाय अरब, मग डेमलर, मग शेवटी शेवटी ब्रिस्टल. सिंगल डेकरमध्ये जवळजवळ एकच, बेडफर्ड ओडब्ल्यूबी. ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या विजेच्या तारांवर चालणारी, ती सनबीम नाहीतर कॅरिअर नावाने. एवढं पाठ केलं तरी पुरतं. बॉडी बनवणारे मात्र बरेच आहेत, पार्क रॉयल, वेमन, नॉर्दर्न काउंटीज, मॅसी, स्ट्रॅचन्स, ब्रश, रो, डुपल, ती नावं हळूहळू कानावर पडतील.

दुसरी पायरी: थोडा इतिहास, कारण त्याशिवाय गाडी बोलत नाही

बस आणि युद्ध यांचं नातं पहिल्या महायुद्धापासूनचं आहे. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीची बी टाइप नावाची बस १९१० मध्ये आली, वरचा मजला उघडा, चाकांना भरीव रबर. १९१४ ला युद्ध सुरू झालं आणि यातल्या साधारण ९०० बसेस सैन्याने फ्रान्स-बेल्जियमला नेल्या. आधी त्या लाल रंगातच, अंगावरच्या जाहिरातींसकट गेल्या होत्या, मग खाकी रंग दिला, काचा काढून फळ्या ठोकल्या. एका बसमध्ये सामानासकट २५ च्या आसपास सैनिक बसायचे. काहींचे तर निरोप नेणाऱ्या कबुतरांचे खुराडे केले होते.

आपल्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग म्हणजे ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळच्या आघाडीवर हिंदुस्थानी सैन्य पोचलं तेव्हा फिरोजपूर ब्रिगेडच्या तुकड्या याच लंडनच्या बसेसमधून पुढे नेल्या गेल्या. नुकते मार्सेलला बोटीतून उतरलेले लोक, थंडीची सवय नाही, आणि पुढचा प्रवास लंडनच्या सिटी बसमधून. त्यातल्या १२९ व्या बलुची पलटणीच्या खुदादाद खानला ३१ ऑक्टोबरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फिरोजपूर ब्रिगेड ज्या लाहोर डिव्हिजनमध्ये होती त्याच डिव्हिजनमध्ये पुण्याच्या खडकीहून गेलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या (सैन्यातल्या इंजिनिअर पलटणीच्या) दोन कंपन्याही होत्या, आणि त्याच महिन्याच्या शेवटी फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलला त्यांची फार माणसं पडली. म्हणून बी टाइप बघताना मला ती फक्त लंडनची वाटत नाही.

या बी टाइपपैकी दोन गाड्या लक्षात ठेवा. एक बी ४३, तिला ओल बिल म्हणतात, ती इम्पीरिअल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे आणि १९२० मध्ये राजा पाचवा जॉर्ज तिच्यात चढला होता. दुसरी बी २७३७, जी लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमने पुन्हा उभी केली आणि युद्धाला शंभर वर्षं झाली तेव्हा २०१४ मध्ये खाकी रूपात परत बेल्जियमपर्यंत नेली.

आता दुसरं महायुद्ध. १ सप्टेंबर १९३९ ला ब्लॅकआउट लागू झाला आणि रस्त्यावरची बस एका रात्रीत बदलली. हेडलाइटवर झापडं, आतले दिवे एकदम मंद, आणि अंधारात बस लोकांना दिसावी म्हणून मडगार्डच्या कडांना पांढरा रंग. लंडनच्या ग्रीन लाइन नावाच्या लांब पल्ल्याच्या गाड्या सीटा काढून ॲम्ब्युलन्स केल्या. बॉम्बच्या धक्क्याने काच फुटून अंगात घुसू नये म्हणून खिडक्यांवर आतून जाळीचं कापड चिकटवलं, मध्ये बाहेर बघायला छोटा चौकोन सोडलेला. लोक कंटाळून ती जाळी नखाने सोलायचे, तेव्हा लंडन ट्रान्सपोर्टने बिली ब्राऊन नावाच्या एका टोपीवाल्या शहाण्या माणसाची पोस्टर्स काढली आणि त्याच्या तोंडून लोकांना सांगितलं की जाळी सोलू नका. पुरुष सैन्यात गेले म्हणून कंडक्टरच्या जागी बायका आल्या, त्यांना क्लिपी म्हणायचे, तिकीट चिमट्याने टोचतात म्हणून. रात्रीच्या अंधारात, वर विमानं घोंघावत असताना, हाताच्या अंदाजाने नाणी ओळखून तिकिटं फाडणाऱ्या बायका होत्या या. फोटोत त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघा.

रांगेचं पण सांगते. १९४२ मध्ये तिथे कायदाच केला की स्टॉपवर सहा किंवा जास्त माणसं असतील तर दोन-दोनच्या ओळीने रांग लावायचीच. बेस्टच्या स्टॉपवर वाढलेल्या मुंबईकराला यात नवल वाटणार नाही, पण तिथे ते सरकारला लिहून काढावं लागलं.

बॉम्बने गाड्याही गेल्या. १४ ऑक्टोबर १९४० ला रात्री लंडनच्या बॅलममध्ये भुयारी स्टेशनच्या वरच बॉम्ब पडला आणि रस्त्याला जो खड्डा पडला त्यात ८८ नंबरची डबल डेकर नाकाने घुसली, तो फोटो प्रसिद्ध आहे, तुम्ही कुठेतरी बघितलाच असेल. त्या बसचा फोटो जगभर पोचला, पण खाली स्टेशनात आसऱ्याला असलेली साठाहून जास्त माणसं गेली, ते फोटोत दिसत नाही. त्या दिवसांत लंडनला बसेस इतक्या कमी पडायला लागल्या की बाकीच्या गावांकडून उसन्या मागवल्या, आणि लंडनच्या रस्त्यावर वेगवेगळ्या रंगाच्या, परगावच्या बसेस धावायला लागल्या.

आणि नेमक्या त्याच वेळी नवीन बस बनणं बंद झालेलं. १९४० च्या मध्यात फ्रान्स पडलं, सगळे कारखाने रणगाडे आणि विमानांच्या कामाला जुंपले. पण मग दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार पोचणार कसे? पेट्रोल रेशनवर, खाजगी मोटारी घरात उभ्या, म्हणजे सगळा भार बसवरच. १९४१ मध्ये सरकारने आधी अर्धवट पडलेले पार्ट जोडून काही गाड्या पुऱ्या करायला परवानगी दिली, त्यांना अनफ्रोझन म्हणजे गोठवलेल्यातून सोडवलेल्या असं नाव पडलं. तेवढ्याने भागेना. तेव्हा मग ठरलं की एकच साधा नमुना काढायचा, सगळ्यांनी तसाच बनवायचा, आणि गाडी कुठल्या गावाला द्यायची ते सरकार ठरवणार. या गाड्यांना युटिलिटी बस म्हणतात, हाच शब्द तुम्हाला सगळीकडे दिसेल. १९४२ पासून त्या रस्त्यावर आल्या.

डबल डेकर चॅसीचं काम गाय कंपनीला गेलं, सुरुवातीला ५०० चं. तशी ही कंपनी सैन्याच्या गाड्यांत मुरलेली, बसच्या धंद्यात मोठ्यांच्या मागे. मोठी लेलँड कंपनी रणगाड्यांत अडकली होती. डेमलरचा कोव्हेंट्रीचा कारखाना बॉम्बने उद्ध्वस्त झाला, तेव्हा त्यांनी बस बांधायचं काम वुल्व्हरहॅम्प्टनला हलवलं. म्हणजे गाय, डेमलर आणि सनबीम ट्रॉलीबस, तिन्ही एकाच गावातून बाहेर पडायला लागल्या. मी आज ज्या रस्त्याने भाजी आणायला जाते त्या भागातून.

तिसरी पायरी: गाडीभोवती फिरायचं, मागून पुढे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घाई करू नका, अर्धा तास एका गाडीला ठेवा.

सुरुवात मागून करा. वरच्या मजल्याचा मागचा कोपरा बघा, जिथे छत खाली वळतं. युद्धाआधीच्या बसला तिथे सुंदर गोल घुमट असतो, एका पत्र्यातून ठोकून ठोकून काढलेला. पत्र्याला अशी दोन्हीकडून गोलाई आणणं हे फार कसबी काम, ते कारागीर सगळे विमानांच्या कारखान्यात नेले होते. मग युटिलिटी बसला काय केलं, तर सपाट पत्र्याच्या पट्ट्या एकाला एक जोडून कसाबसा वळणाचा आकार आणला. शेवंडाची पाठ बघितलीय ना, तुकड्या-तुकड्यांची, तस्सा दिसतो तो कोपरा. एवढी एक खूण कळली की लांबूनच, रस्त्याच्या पलीकडून गाडी ओळखता येते.

तिथेच वर मागच्या बाजूला इमर्जन्सी दार असतं. सुरुवातीच्या गाड्यांत त्याला काच नाही, नुसता पत्रा. काच वाचवली. आत बसलं की वरचा मजला मागून अंधारा वाटतो तो त्यामुळे.

मग बाजूला या आणि खिडक्या मोजा. किती उघडतात? पहिल्या गाड्यांत एका मजल्यावर एका बाजूची एकच उघडायची परवानगी होती. उन्हाळ्यात, गाडीत ५६ माणसं आणि विड्या-सिगारेटी ओढणारे, काय होत असेल विचार करा. १९४४-४५ नंतर नियम सैल झाले, खिडक्या वाढल्या, सीटांना गाद्या आल्या, घुमट पुन्हा गोल व्हायला लागले. म्हणून खिडक्या आणि सीटा बघून गाडी आधीची की नंतरची याचा अंदाज येतो, पण नुसता अंदाज, कारण बऱ्याच कंपन्यांनी युद्धानंतर स्वतः बदल करून घेतले.

हात लावायची परवानगी असेल तर पत्र्याला लोहचुंबक लावून बघा, मी खिशात फ्रिजवरचं एक ठेवते. चिकटलं तर पोलाद. ॲल्युमिनियम सगळं विमानांना गेलं म्हणून पोलादाचे पत्रे वापरले, आणि गाडी जड झाली. गाय अरबच्या इंजिन-गिअरबॉक्सच्या घरांमध्येही हलक्या धातूऐवजी लोखंड वापरलं. पण चुंबक चिकटलं नाही म्हणून गाडी खोटी असं लगेच म्हणू नका, दुरुस्तीत पत्रे बदललेले असू शकतात.

पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा. इथे खरी गोम आहे. बॉडीचं लाकूड, ॲश झाडाचं, वर्ष-दोन वर्ष वाळवून वापरायचं असतं. तेवढा वेळ कुणाकडे नव्हता. ओलसर लाकूड तसंच लावलं, ते आतून आक्रसलं, जोड सैल झाले, पाणी शिरलं, कुजलं. मी हे बाबांना फोनवर सांगितलं तर ते एकदम म्हणाले, मग पाच-सहा वर्षांत खांब बसले असतील की. तसंच झालं होतं. युद्ध संपून थोडी वर्षं होतात न होतात तोच या बॉडी लचकायला लागल्या. नॉर्दर्न काउंटीजने काही बॉडी धातूच्या सांगाड्यावर बांधल्या, त्या मात्र टिकल्या.

आता पुढे या. गाय अरबच्या रेडिएटरच्या टोपणावर पिसांचा मुकुट घातलेल्या एका अमेरिकन आदिवासी सरदाराचं मुंडकं असतं, ती कंपनीची खूण. बॉनेटची लांबी बघा. पहिल्या ५०० नंतरच्या अरब टू गाड्यांना नाक थोडं लांब आहे, कारण त्यात पाच सिलिंडरच्या गार्डनर इंजिनऐवजी सहाचंही बसवता यावं. हे गार्डनर डिझेल इंजिन हा या गाडीचा खरा जीव. बॉडी कुजली तरी चॅसी आणि इंजिन दणकट, आणि हे सगळ्या गावांच्या लक्षात आलं. ज्यांना सरकारने मनाविरुद्ध गाय दिली होती त्यातल्या कित्येकांनी युद्धानंतर स्वतःहून पैसे मोजून तीच घेतली.

आत चढा आणि बसा. सुरुवातीच्या गाडीत लाकडी फळ्यांची बाकडी असतात, मध्ये फटी सोडलेल्या. डबल डेकरमध्ये वर ३० आणि खाली २६, असं बसायचं गणित. काही गाड्या बुटक्या असतात, खालून जायला रेल्वेचे पूल कमी उंचीचे म्हणून, तर त्यांच्यात वरच्या मजल्यावर चालायची वाट मधोमध नसून एका कडेला असते आणि चार-चार माणसांची लांब बाकं. ती वाट खालच्या प्रवाशांच्या डोक्यावर येते, तेव्हा खाली उजवीकडे बसलात तर उठताना डोकं सांभाळा.

चौथी पायरी: बेडफर्ड ओडब्ल्यूबी, आणि एक छोटा अभ्यास

गावाकडची युद्धातली बस म्हणजे ही. ३२ सीट, पेट्रोल इंजिन, पुढे लॉरीसारखं नाक. १९४२ ते १९४५ मध्ये ३,३९८ बनल्या. खाण कामगार, विमानतळावरचे लोक, दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या बायका, सगळ्यांना हिने वाहिलं. हिच्याबरोबर बेडफर्ड ओबी शोधा, ती युद्धाआधी नुकती सुरू झालेली आणि युद्धानंतर भरपूर बनलेली गाडी, कुठल्याही मेळाव्यात एक तरी असतेच. दोघी शेजारी आल्या की नाक तेच, पण मागचं बघा, ओबीचं अंग एखाद्या थेंबासारखं वळणदार आणि ओडब्ल्यूबीचं पेटीसारखं. टंचाई म्हणजे काय ते या दोन गाड्यांमधल्या फरकात जेवढं दिसतं तेवढं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

बेडफर्ड नाव आपल्याला नवीन नाही. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी सुरू झाली, त्या सुरुवातीच्या काळात एसटीकडे ज्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या त्यात बेडफर्डही होती. ओबीचं नाक बघून आमच्या घरातले म्हातारे लोक पटकन ओळखतात.

कोळशाच्या गॅसचं पण इथेच सांगते कारण ते आपल्याकडेही होतं. ब्रिटनमध्ये काही बसेसच्या मागे एक छोटी दोन चाकी गाडी जोडायचे, तिच्यात कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्यातून निघणारा गॅस पाइपने इंजिनाला. ताकद कमी, चढावर गाडी रडायची, ड्रायव्हर वैतागलेले, आणि १९४४ मध्ये तो प्रकार बंद केला. आपल्याकडेही पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा सर्व्हिस मोटारींना, म्हणजे तेव्हाच्या खाजगी बसेसना, मागे उभी टाकी बसवून कोळशावर चालवायचे, निघायच्या आधी क्लीनर पंखा फिरवत बसायचा. घरात कुणी नव्वदीतलं असेल तर आजच विचारा, या आठवणी कुणी फारशा लिहून ठेवलेल्या नाहीत.

पाचवी पायरी: फसू नका

यात नवशिके हमखास चुकतात, मीही चुकले. लंडनकडे युद्धातल्या ४३५ गाय, २८१ डेमलर आणि २९ ब्रिस्टल आल्या होत्या आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या सगळ्या काढून टाकल्या. पण चॅसी तर उत्तम होत्या. एडिंबराने लंडनच्या ६० गाय विकत घेतल्या, जुनी बॉडी फेकून डुपलची नवी हलकी बॉडी चढवली आणि नवा नंबर घेतला. बेलफास्टने १०० डेमलर घेतल्या आणि तसंच केलं. बऱ्याच डेमलर सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेला, गेल्या. आता एडिंबराची अशी एखादी गाडी समोर उभी असेल तर ती दिसते १९५० नंतरची, नंबर प्लेटवर एडिंबराचं डब्ल्यूएस, आणि खालची हाडं मात्र युद्धातली. उलटंही असतं, बॉडी युटिलिटी दिसते पण तिचं निम्मं लाकूड गेल्या वीस वर्षांतलं.

म्हणून तिथल्या स्वयंसेवकाला सरळ विचारायचं की यातलं मूळ किती आणि नवीन किती. लाजू नका. त्यांना हा प्रश्न फार आवडतो, आणि मग ते तुम्हाला झाकण उघडून आतलं दाखवतात.

सहावी पायरी: कुठे बघायच्या

लंडनला जात असाल तर कॉव्हेंट गार्डनचं लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम आहेच, पण माझं मत विचाराल तर एक दिवस काढून वेब्रिजला ब्रुकलँड्समध्ये लंडन बस म्युझियम बघा, वॉटर्लू स्टेशनवरून ट्रेन मिळते. तिथल्या संग्रहात १९४५ ची गाय अरब आहे, G351 नंबरची, लंडनच्या गायींमधली वाचलेली. ॲक्टनचा डेपो, जिथे ट्रान्सपोर्ट म्युझियमचा न मांडलेला माल असतो, तो वर्षातून ठरावीक दिवसच उघडतात. उत्तरेला मँचेस्टरचं ट्रान्सपोर्ट म्युझियम, ट्रॉलीबससाठी सँडटॉफ्ट, आणि बर्मिंगहॅमजवळ विथॉल. मे महिन्यात लंडन ते ब्रायटन अशी जुन्या ट्रक-बसेसची मिरवणूक निघते, तिच्यात एकाच दिवसात पन्नास वर्षांचा इतिहास डोळ्यासमोरून जातो.

निघायच्या आधी वेबसाइट बघा आणि शक्य असेल तर फोन करून नेमकी गाडी जागेवर आहे का विचारा. मी एकदा दोन ट्रेन बदलून एका म्युझियममध्ये पोचले तर मला हवी असलेली गाडी ब्रेकच्या कामासाठी बाहेर गेलेली होती. पाऊस, एवढा प्रवास, आणि रिकामी जागा, फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून विचारल्याशिवाय निघत नाही.

भारतातून करायचं असेल तर इम्पीरिअल वॉर म्युझियम आणि लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम, दोघांचेही फोटोसंग्रह ऑनलाइन बघता येतात. रोज एक फोटो उघडायचा आणि वर सांगितलं तसं मागून पुढे बघायचं. घरात एक ठेवायची असेल तर ऑक्सफर्ड डायकास्टने ७६ व्या हिश्श्याच्या मापात बेडफर्ड ओडब्ल्यूबी काढलीय, तळहातावर मावते आणि तो पेटीसारखा आकार बरोबर आलाय.

सातवी पायरी: बसून प्रवास करायचा

उभी गाडी बघणं वेगळं आणि चालती वेगळी. उन्हाळ्यात बहुतेक म्युझियमचे रनिंग डे असतात, त्या दिवशी जुन्या गाड्या खऱ्या रस्त्यावर फेऱ्या मारतात. गाय अरबमध्ये ड्रायव्हरच्या जवळ, खाली पुढच्या बाजूला बसा आणि कान द्या. गार्डनर इंजिन उभ्या गाडीत इतकं सावकाश धडधडतं की एकेक ठोका मोजता येईल. गिअर टाकताना ड्रायव्हर डबल क्लच मारतो, आपल्या जुन्या एसटी आणि ट्रक ड्रायव्हरांना हे सांगावं लागणार नाही, क्लच दाबून न्यूट्रल, सोडून वेग जुळेपर्यंत थांबायचं, परत दाबून गिअर. चुकलं की खरकन आवाज. डेमलर अगदी उलट, तिच्यात गिअर आधी निवडून ठेवायचा आणि हवा तेव्हा पायाने दाबायचं, गाडी लोण्यासारखी पुढे सरकते. एकाच दिवशी दोन्हींत बसायला मिळालं तर सोडू नका.

लाकडी बाकावर वळणावर घसरायला होतं, लहान मुलं असतील तर आतल्या बाजूला बसवा. मागचा चढायचा प्लॅटफॉर्म उघडा असतो, कंडक्टर उतरा म्हणेल तेव्हाच उतरायचं.

आठवी पायरी: हातभार लावायचा असेल तर

इथे राहणाऱ्यांसाठी. या गाड्या जिवंत आहेत त्या शनिवार-रविवारी स्वखुशीने काम करणाऱ्यांमुळे, आणि त्यातले बरेच आता सत्तरीत आहेत. तुम्हाला मेकॅनिक असायची गरज नाही. मी सुरुवात काचा पुसण्यापासून केली, मग घासकाम, मग रंग. फक्त एक गोष्ट कडक पाळा, विचारल्याशिवाय जुना रंग खरवडायचा नाही आणि ब्रेकच्या आसपासची धूळ फुंकायची नाही. जुन्या रंगात शिसं असतं आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस, दोन्ही छातीत जाऊ द्यायचे नाहीत. मास्क त्यांच्याकडचा योग्य तोच वापरायचा, कोविडमधला उरलेला नाही.

पहिल्या दिवशी जुने कपडे, जाड तळाचे बूट आणि डबा घेऊन जा. आपला डबा उघडला की गप्पा सुरू होतात, मग कुणाची आई क्लिपी होती, कुणाचे वडील गायच्या कारखान्यात होते, हे सगळं हळूहळू बाहेर येतं. ते लिहून ठेवा, तारीख आणि गाडीचा नंबर टाकून, त्यांच्या परवानगीने.

आणि फोटो काढाल तेव्हा पुढून सगळेच काढतात, तुम्ही मागच्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या कोपऱ्याचा काढा, आणि आतलं पॅनल उघडं असेल तर खिडकीखाली खांब जिथे आडव्या लाकडाला मिळतो त्या जोडाचा. बाबा अजून दर वेळी माझ्याकडून तोच फोटो मागतात आणि मोठा करून बघत बसतात.